जकातीचा मक्ता

* जकातीचा मक्ता : ही टीप ज्या लेखाला जोडली आहे त्यात हा शब्द ओझरता येतो, पण १९व्या शतकातल्या झांझिबारची सारी उलाढाल त्यावर उभी होती. झांझिबारवरही सत्ता असलेले ओमानचे सुलतान सय्यद सईद तिथल्या बंदराची जकात स्वतः गोळा करत नसत. ठरलेल्या वार्षिक रकमेवर ती मक्त्याने देत. कच्छमधल्या मुंद्र्याचे भाटिया व्यापारी जयराम शिवजी यांच्या पेढीकडे हा मक्ता, मधली काही वर्षे सोडता, कित्येक दशके राहिला. मक्तेदार म्हणजे नुसता वसुली करणारा नव्हे. सुलतानाला नड पडली की आगाऊ पैसा तोच पुरवी. हस्तिदंतासाठी आफ्रिकेच्या आतल्या मुलखात जाणाऱ्या तांड्यांना कापड, मणी, तार उधारीवर मिळे तीही बव्हंशी भारतीय पेढ्यांकडून. लवंगांच्या बागा त्यांच्याचकडे गहाण पडत. त्या बागांत राबत ते गुलाम, हे मात्र विसरता कामा नये. या व्यापाऱ्यांच्या धाडसाचे कौतुक करताना ती बाजू झाकणे अन्यायाचे होईल. १८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर गुलामांचा व्यापार थांबवण्याच्या वाटाघाटींसाठी झांझिबारला गेले, तेव्हा किनाऱ्यावरच्या भारतीय पेढ्यांचा हा पसारा त्यांनीही आवर्जून नोंदवला. — संपा.