मागील आवृत्तीचा हक्क

ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली म्हणून जुनी आवृत्ति आपल्या कपाटांतून कोणी काढून नेत नाहीं. प्रकाशक फार तर ती पुन्हां छापणार नाहीं. परंतु जिच्या समासांत आपण वर्षानुवर्षें टिपणें केलीं ती प्रत आपल्याजवळ राहते, आणि नव्या प्रतीशेजारीं ठेवून ती वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र ‘आवृत्ति’ हाच शब्द वापरला जात असतांही व्यवहार अगदीं निराळा आहे, हें मला २००८ सालीं कळलें.

त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत मीं घरासाठीं एक लॅपटॉप आणला. त्यांत विंडोज व्हिस्टा नांवाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सर्व कारभार पाहणारी कार्यप्रणाली, कारखान्यांतूनच बसवून आलेली होती. माझ्या दहा वर्षांच्या व्याख्यानांचीं टिपणें एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्यें लिहिलेलीं होतीं, आणि तें सॉफ्टवेअर कांहीं केल्या व्हिस्टावर चालेना. मी यंत्र घेऊन दुकानांत गेलों आणि पूर्वीची एक्सपी बसवून द्यावी अशी विनंति केली. दुकानदारानें यंत्राच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली आणि शांतपणें सांगितलें, “सर, हा होमचा प्रकार आहे. ह्याला मागें जायचा हक्क नाहीं. तुम्ही बिझनेस घ्यायला हवी होती.”

पैसा माझा, यंत्र माझें, लिखाण माझें. आणि मागें जाण्याचा हक्क मात्र मला नाहीं! इतिहास शिकवून पोट भरणाऱ्या माणसास ‘हक्क’ हा शब्द ऐकून स्वस्थ बसवत नाहीं. सनद कोणी दिली, केव्हां दिली, आणि तिच्यापूर्वीं वहिवाट काय होती, हे प्रश्न तो विचारणारच. त्या प्रश्नांचा मागोवा घेतां जें आढळलें तें येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम वहिवाट पाहूं. मोठ्या संगणकांच्या काळीं यंत्र आणि त्यावरचे प्रोग्राम हीं एकाच किंमतींत येत. २३ जून १९६९ रोजीं आय. बी. एम. कंपनीनें आपल्या पुष्कळ प्रोग्रामांची किंमत यापुढें वेगळी आकारण्याचें जाहीर केलें, आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रीची वस्तु आहे ही कल्पना रूढ होऊं लागली. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं त्याच कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर लोकांपुढें आणला, तेव्हां कार्यप्रणालीही ग्राहकानें निवडून वेगळी विकत घ्यावयाची होती. त्याच्यापुढें तीन नांवें ठेवलेलीं होतीं : मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्चची सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. पहिलीची किंमत ४० डॉलर. दुसरी कांहीं महिन्यांनीं आली, आणि तीही २४० डॉलरांना. निवाडा कोणाच्या बाजूनें लागला हें सांगावयास नको. परंतु तो ग्राहकानें आपल्या खिशाकडे पाहून दिलेला निवाडा होता. स्वस्त मालानें महाग मालास मागें टाकावें यांत अन्याय कांहींच नाहीं.

खरी गोम पुढेंच आहे. आय. बी. एम.शीं करार करितांना मायक्रोसॉफ्टनें तीच प्रणाली एमएस-डॉस या नांवानें इतरांस देण्याचा अधिकार स्वतःकडे राखून ठेवला होता. आय. बी. एम.च्या धर्तीवर यंत्रें बनविणारे कारखाने जेव्हां भराभर निघाले, तेव्हां त्यांतील अनेकांशीं तिनें असा करार केला कीं, कारखान्यानें जितकीं यंत्रें बाहेर पाठविलीं तितक्यांवर शुल्क द्यावें. मग त्या यंत्रांत एमएस-डॉस असो वा नसो. डिजिटल रिसर्चनें १९८८ सालीं डीआर-डॉस ही प्रतिस्पर्धी प्रणाली काढली होती. पण ती बसविणाऱ्यास दोन्हीं घरीं पैसे मोजावे लागत. १५ जुलै १९९४ रोजीं अमेरिकन न्यायखात्याशीं झालेल्या समझोत्यांत ही पद्धति सोडण्याचें मायक्रोसॉफ्टनें कबूल केलें. तोंपर्यंत बाजाराला वळण लागून गेलें होतें. खोकें उघडावें तों प्रणाली आंत बसलेली, हाच सृष्टिक्रम होय असें लोक मानूं लागले होते.

येथें एक कायदेशीर भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आपण दुकानांतून यंत्र विकत घेतों. प्रणाली मात्र आपणांस कांहीं अटींवर वापरावयास दिलेली असते. घर आपलें आणि घराखालच्या जमिनीवर आपण कूळ, असा हा प्रकार आहे. अटी मान्य नसतील तर प्रणाली न वापरतां ती उत्पादकाकडे परत करून पैसे मागावे, असें त्या कराराच्या मजकुरांत लिहिलेलें असे. १५ फेब्रुवारी १९९९ रोजीं लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरणारी कांहीं मंडळी हाच मजकूर घेऊन कॅलिफोर्नियांत मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयावर गेली. त्यांना उत्तर मिळालें कीं, पैसे उत्पादकाकडे मागा. ज्या कुळानें सरकार आणि सावकार यांच्यामध्यें हेलपाटे घातले आहेत त्याला हें उत्तर नवें वाटणार नाहीं.

आतां जुन्या आणि नव्या आवृत्तींच्या प्रश्नाकडे वळूं. अमेरिकन सरकारनें १८ मे १९९८ रोजीं मायक्रोसॉफ्टवर जो प्रसिद्ध खटला भरला, त्यांत वादाचा मुख्य विषय ब्राउझर हा होता. तथापि न्यायमूर्ति थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनीं ५ नोव्हेंबर १९९९ रोजीं जे वस्तुस्थितीचे निष्कर्ष नोंदविले, त्यांत एक लहानशी परंतु बोधप्रद गोष्ट आहे. विंडोज ९८ बाजारांत येण्याच्या आधीं कंपनीनें कारखानदारांसाठीं जुन्या विंडोज ९५ची किंमत वाढवून, किरकोळ अपवाद सोडतां, नवीच्या बरोबरीस आणली होती. जेथें चढाओढ असते तेथें नवा माल आला कीं जुन्याची किंमत उतरते, निदान चढत तरी नाहीं, असें न्यायमूर्तींनीं त्यावर म्हटलें आहे. जुनी आवृत्ति स्वस्त पडत असती तर कारखानदार तीवर रेंगाळला असता. ती वाटच बंद झाली.

यानंतर माझ्या व्हिस्टाचा काळ येतो. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ची. व्हिस्टा सामान्य ग्राहकांस ३० जानेवारी २००७ रोजीं मिळाली. मधल्या पांच वर्षांत लोकांची सर्व कामें एक्सपीवर बसलीं होतीं, आणि व्हिस्टा जड, जुन्या उपकरणांशीं फटकून वागणारी, अशी तक्रार सर्वत्र सुरू झाली. एप्रिल २००७मध्यें डेल कंपनीनें ग्राहकांच्या मागणीवरून घरगुती यंत्रांपैकीं कांहींवर एक्सपी पुन्हां देण्यास आरंभ केला. कारखान्यांस एक्सपी देण्याची मुदत ३१ जानेवारी २००८ची होती, ती ३० जून २००८पर्यंत वाढली. एक्सपी राखावी म्हणून एका नियतकालिकानें काढलेल्या अर्जावर दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या. व्हिस्टाच्या बिझनेस व अल्टिमेट या महाग प्रकारांच्या मालकांस एक्सपी प्रोफेशनलकडे परतण्याची मुभा होती. होम प्रकारांच्या मालकांस नव्हती. परतणाऱ्याचा परवानाही व्हिस्टाचाच गणला जाई.

म्हणजे १९८१ सालीं जी गोष्ट प्रत्येक ग्राहकाची सहज निवड होती, ती पंचवीस वर्षांनंतर महाग प्रकार घेणाऱ्यास मिळणारी सवलत झाली. हिला इंग्रजींत ‘डाउनग्रेड’ म्हणतात. शब्दांतच निकाल देऊन टाकला आहे : जो परततो तो पायरी उतरतो. वास्तविक आपल्या कामाकडे परतणाऱ्यास कोणी उतरला असें म्हणत नाहींत.

पुढें ही सवलतही आकुंचित होत गेली. २९ जुलै २०१५ रोजीं विंडोज १० निघाली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांस ती वर्षभर विनामूल्य मिळाली. न रुचल्यास परतण्यास प्रथम तीस दिवस होते. २०१६च्या ऑगस्टमधील आवृत्तीपासून ते दहाच राहिले. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत तर सूचनेच्या कोपऱ्यांतील फुली दाबली तरी ठरलेला बदल रद्द होत नसे! २०१७पासून नवे प्रोसेसर असलेल्या यंत्रांवर विंडोज ७ला सुधारणा मिळेनाशा झाल्या. केवळ एका कंपनीची ही रीति आहे असेंही नव्हे. ॲपलचें मॅक यंत्र ज्या आवृत्तीसह बाजारांत येतें, तिच्या मागील आवृत्ति त्यावर सामान्यतः चालतच नाहीं.

येथवर वाचून जुन्याचा कैवार घेणारा हा गृहस्थ नवें तें सर्व वाईट मानतो कीं काय, अशी शंका वाचकांस येईल. तसें नाहीं. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा उत्पात जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचीं कामें अडलीं. त्या छिद्राची डागडुजी मार्च महिन्यांतच निघाली होती. बाधित यंत्रांपैकीं बहुसंख्य विंडोज ७चीं होतीं आणि त्यांवर ती डागडुजी केलेली नव्हती. जुन्या वाड्याच्या भिंतींना भगदाडें पडतात, आणि तीं बुजविणारा गवंडी कायमचा फुकट राबणार नाहीं, हें खरें आहे.

शिवाय मराठी माणसानें तर एक ऋण मान्य केलेंच पाहिजे. विंडोजमध्यें देवनागरीस युनिकोडच्या रूपानें घर मिळालें तें २००० सालच्या आवृत्तींत. एक्सपीमध्येंही इंग्रजी यंत्रावर ती नीट उमटण्यासाठीं एका खिडकींत खूण करून मूळ सीडी घालावी लागे. व्हिस्टामध्यें ती आपोआप उमटूं लागली. ज्या आवृत्तीवर मी रागावलों होतों तिनेंच माझ्या लिपीला कोणाच्याही आर्जवावांचून बसावयास पाट दिला होता. माझीं जुनीं टिपणें अडलीं याचें अर्धें कारण असें कीं, त्या काळच्या अनेक मराठी सॉफ्टवेअरांप्रमाणें माझेंही सॉफ्टवेअर इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचीं चित्रें बसवीत असे. फाँट काढला कीं मराठीचा मागमूस राहत नसे.

तेव्हां वाद जुनें चांगलें कीं नवें चांगलें हा नाहींच. पैलतीरास केव्हां जावयाचें हें कोणीं ठरवावें, हा वाद आहे. ज्याचें सामान होडींत आहे त्याला तें बांधण्यापुरता अवकाश मिळावा, आणि कांहीं मागें राहिलें तर एकवार परत येतां यावें, एवढेंच मागणें आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १०ची नियमित देखभाल थांबली. आणि विंडोज ११ जें टीपीएम २.० व जे नवे प्रोसेसर मागते, ते नसलेलीं पुष्कळ धडधाकट यंत्रें तिच्या दारांतच अडलीं. त्यांच्या मालकांपुढें माझाच २००८चा प्रश्न उलट्या तोंडानें उभा आहे : मला मागें जाऊं देत नव्हते, त्यांना पुढें जाऊं देत नाहींत.

माझ्या टिपणांचें पुढें काय झालें, तेंही सांगतों. एका माजी विद्यार्थ्यानें आपल्या जुन्या एक्सपीच्या यंत्रावर तीं उघडलीं आणि खटपट करून युनिकोडमध्यें आणलीं. बहुतेक वाचलीं, कांहीं पानांवर जोडाक्षरांचा असा चुराडा झाला कीं मीं काय लिहिलें होतें हें मलाच उमगेना. तेव्हांपासून नवें यंत्र घेतांना मी दोन गोष्टी विचारतों : यांत कोणती आवृत्ति आहे, आणि हिच्यावरून मागें येतां येईल काय? दुकानदार पहिल्या प्रश्नाचें उत्तर तत्काळ देतो. दुसरा प्रश्न ऐकून तो माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतो.