सातपुड्यापलीकडचा खानदेश : अक्राणी आणि नर्मदाकाठ

खानदेश म्हटले की तापीकाठची काळी जमीन, केळी आणि कापूस डोळ्यांसमोर येतात. परंतु जुन्या धुळे जिल्ह्याचा उत्तर भाग याहून सर्वस्वी वेगळा आहे. तापीचे खोरे संपताच सातपुड्याची चढण लागते आणि डोंगररांगांपलीकडे खोल दरीत नर्मदा आढळते. महाराष्ट्रात नर्मदा वाहते ती केवळ सीमा म्हणून. पैलतीरी कोठे मध्य प्रदेश, तर कोठे गुजरात.

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव हे पूर्वेचे व धुळे हे पश्चिमेचे ठाणे ठरले. १९६० मध्ये महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले तेव्हा पश्चिम खानदेशातील काही गावे गुजरातला गेली. ही सीमा नवापूर रेल्वे स्थानकातूनच जाते. तेथे तिकीट खिडकी एका राज्यात, तर स्टेशन मास्तरांची कचेरी दुसऱ्या राज्यात!

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे असून भिल्ल व पावरा समाज संख्येने मोठे आहेत. जिल्ह्याचे मुख्यालय जवळ आले, डोंगर मात्र होता तेथेच राहिला. अक्राणी तालुक्याची कचेरी धडगावला आहे; तळोद्याहून तेथे जायचे तर चांदसैली घाट चढावा लागतो आणि पावसाळ्यात दरडी कोसळल्या की वाट खुंटते. याच मुलखात तोरणमाळचे पठार आहे आणि अश्वत्थाम्याच्या नावाने ओळखला जाणारा, दिवाळीतील यात्रेसाठी प्रसिद्ध असलेला अस्तंबा डोंगरही.

सरदार सरोवराने या काठाचा नकाशाच बदलला. महाराष्ट्रातील ३३ गावे बुडिताखाली आली. पैकी २४ अक्राणीतील व ९ अक्कलकुव्यातील. त्यांत अक्कलकुव्याचे मणिबेली प्रथम बुडाले. नर्मदा तंट्याच्या १९७९ च्या निवाड्यानुसार प्रकल्पाच्या विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. बुडितातील अनेक कुटुंबे खाली शहादा व तळोदा तालुक्यांत वसविली गेली, काही गुजरातमध्ये गेली. जी कुटुंबे डोंगरावर राहिली, त्यांच्यासाठी पूर्वीचे नदीकाठचे रस्ते व शेते जलाशयात गेली. आरोग्यसेवेला बोटीतील दवाखान्याची जोड द्यावी लागली, कारण कित्येक पाड्यांना पाण्याचीच वाट उरली आहे.