बर्फाने आणलेली माती आणि जमिनीत कौलं पुरणारा शेतकरी

आजची नोंद आपल्या शिवारातली नाही, पार अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातली आहे. न्यूयॉर्क म्हटलं की उंच इमारती डोळ्यांसमोर येतात, पण त्या शहरापासून वायव्येला काही तासांच्या वाटेवर लांबट तळ्यांचा एक पट्टा आहे. हाताची बोटं पसरावीत तशी ती तळी दिसतात, म्हणून त्या भागाचं नावच फिंगर लेक्स. त्यातलं सेनेका तळं उत्तर-दक्षिण सुमारे 60 किलोमीटर लांब. या तळ्याच्या पूर्व काठाला जॉन जॉन्स्टन नावाच्या शेतकऱ्याने 1838 मध्ये आपल्या गव्हाच्या रानात चर खोदले, त्यात भाजलेल्या मातीची कौलं पुरली आणि वरून माती लोटली. लोक म्हणाले, याचं डोकं फिरलं, चांगली भांडीकुंडी जमिनीत गाडतोय.

तो काय करत होता हे कळायला आधी ती माती समजून घ्यावी लागेल.

आपली काळी माती बहुतेक ठिकाणी इथल्याच काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तिकडची माती तशी नाही, ती लोटून आणलेली आहे. साधारण 20 हजार वर्षांपूर्वी तो सगळा मुलूख प्रचंड जाडीच्या बर्फाखाली होता. बर्फ आपल्याच वजनाने उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकत होता आणि वाटेतला खडक खरवडत, भरडत, पुढे ढकलत होता. तळ्यांच्या उत्तरेला चुनखडीच्या खडकाचा पट्टा आहे. त्याचा भुगा बर्फाने दक्षिणेला आणून पसरला. बर्फ वितळल्यावर मागे राहिला तो रेती, पोयटा, चिकणमाती, गोटे आणि धोंडे असा सगळा एकत्र कालवलेला माल. नदी गाळ आणते तेव्हा जड वेगळं, हलकं वेगळं असं चाळून टाकते. बर्फ काही चाळत बसत नाही. म्हणूनच ती माती मध्यम पोताची झाली, फार चिकट नाही आणि फार रेताडही नाही.

या मातीचा सगळ्यात नावाजलेला प्रकार म्हणजे हनिऑय. तिथल्याच एका तळ्याचं हे नाव. न्यूयॉर्क राज्याची माती म्हणून हीच सांगितली जाते, आणि राज्यात तिचं क्षेत्र सुमारे 5 लाख एकर आहे. वरचा नांगरटीचा थर गडद तपकिरी. खालच्या थरात चिकणमाती मुरून बसलेली, पण तिथेही तिचं प्रमाण शेकडा 18 ते 35 च्या मधलं. आपल्या भारी काळीत ते 50 च्या वर जातं, त्यावरून अंदाज घ्या. वर सामू किंचित आम्ल, खाली जाल तसा उदासीन, आणि आणखी खाली चुना लागतो. आम्ल टाकलं की माती फसफसते. कॅल्शियमला तोटा नाही, त्यामुळे मका, गहू, सोयाबीन, लसूणघास, भाजीपाला, सफरचंद सगळं येतं. त्रास दोन. पहिला गोट्यांचा. हिवाळ्यात जमीन गोठते आणि दर साली नवे दगड वर येतात. पिढ्यान् पिढ्या वेचून बांधावर रचलेले ते दगड आजही तिकडे दिसतात.

दुसरा त्रास पाण्याचा. वरून मऊ दिसणाऱ्या या मातीखाली बर्फाने दाबून दाबून घट्ट केलेला थर आहे. उंचवट्यावर हनिऑय चांगली निचऱ्याची, पण तिथून थोडं उतरलं की लायमा नावाची जरा ओलसर माती लागते, आणखी सखल भागात केंडेया, तिथे पाणी साचतं. एकाच वावरात तीन स्वभाव.

केंडेया हे नाव मात्र थांबून वाचण्यासारखं आहे. सेनेका तळ्याच्या पूर्व काठावर त्या नावाचं सेनेका लोकांचं गाव होतं, त्याला सफरचंदाच्या बागा होत्या. 1779 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जनरल सुलिव्हनच्या फौजेने या भागातली मूळ रहिवाशांची गावं जाळली, उभा मका कापून टाकला, बागा तोडल्या. नंतर तीच जमीन सैनिकांना लढाईचा मोबदला म्हणून वाटली गेली. गाव गेलं, मातीच्या नकाशावर नाव उरलं.

हे लोक कसे शेतकरी होते? नांगर नाही, बैल नाही. मातीचे ढीग करून त्यावर मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायचे. शेतीचं काम बहुतेक बायकांच्या हातात. कॉर्नेल विद्यापीठाच्या जेन माउंट प्लेझंट यांनी 2011 मध्ये या शेतीचा हिशोब मांडला, तो असा की त्या काळच्या युरोपातल्या गव्हाच्या शेतकऱ्यापेक्षा हे लोक एकरी 3 ते 5 पट धान्य काढत होते. मका हे मुळात जास्त उतारा देणारं पीक, हे एक कारण. दुसरं म्हणजे नांगरट नसल्याने मातीतला सेंद्रिय अंश टिकून राहायचा. नांगराला प्रगतीची खूण समजणाऱ्यांनी हा हिशोब जरूर बघावा.

जॉन्स्टन स्कॉटलंडचा. 1821 मध्ये तो इकडे आला आणि सेनेकाकाठी त्याने रान घेतलं. 1825 मध्ये एरी कालवा पूर्ण झाला, गव्हाला थेट न्यूयॉर्कची बाजारपेठ मिळाली आणि सगळा मुलूख गव्हामागे लागला. पण याचं रान खालून घट्ट. पेरलेला गहू हिवाळ्यात पाण्याने भरलेल्या मातीत उभा राहायचा. पाणी गोठलं की माती फुगते, रोपाला वर उचलते. दिवसा थोडी वितळली की माती खाली बसते, रोप मात्र वरच राहतं आणि मुळं तुटतात. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळला तरी वाफसा येत नाही, कारण पाण्याला खाली वाट नाही. ओली माती थंडही राहते, तिला तापायला वेळ लागतो.

स्कॉटलंडमध्ये जमिनीखालून निचरा काढायची रीत त्याला माहीत होती. 1835 मध्ये त्याने तिकडून कौलांचे नमुने मागवले, आणि वॉटर्लू गावातल्या बेंजामिन व्हार्टनबी नावाच्या कुंभाराने त्यावरून हाताने कौलं बनवली. घोड्याच्या नालेच्या आकाराची, पालथी घालायची. दोन कौलांच्या जोडातल्या फटीतून पाणी आत शिरतं आणि उताराने नाल्याला लागतं.

इथे एक शंका हमखास येते, ओल निघून गेली तर उन्हाळ्यात पीक वाळणार नाही का? नाही. चरातून जातं ते मोकळं पाणी, जे मोठ्या पोकळ्या अडवून बसलेलं असतं. मातीच्या कणांनी धरलेलं पाणी कौल ओढून नेऊ शकत नाही. मोकळं पाणी गेलं की त्या जागी हवा येते आणि मुळं खोल जातात. खोल गेलेल्या मुळांचं पीक कोरड्या दिवसांतही जास्त तग धरतं. जॉन्स्टन सांगायचा की वाढीव उत्पन्नात कौलांचा खर्च लवकरच निघून येतो. हसणारे शेजारी पुढे त्याच्याकडे बघायला येऊ लागले. 1848 मध्ये जवळच्याच जॉन डेलाफिल्ड यांनी इंग्लंडहून कौलं पाडायचं यंत्र आणलं. हाताचं काम यंत्रावर गेलं, कौलं स्वस्त झाली आणि मग रीत पसरली. जॉन्स्टनने आपल्या 320 एकरांत आयुष्यभरात 72 मैल, म्हणजे सुमारे 115 किलोमीटर कौलं घातली. 1880 मध्ये तो वारला. त्याच्या राहत्या घरात आता निचऱ्याच्या कौलांचं संग्रहालय आहे.

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे सगळं ओळखीचं वाटेल. कृष्णाकाठच्या चिबड आणि क्षारपड रानांत आज सच्छिद्र पाईप पुरतात तो याच कल्पनेचा पुढचा अवतार. फरक आहे तो दुखण्याच्या मुळाशी. तिकडे पाणी पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं, आपल्याकडे उसाला वर्षभर सोडलेलं. तिकडे क्षाराचा प्रश्न नाही. आपल्याला मात्र निचरा काढून वर गोड्या पाण्याने क्षार धुवावे लागतात, आणि पाईपमधून निघणारं खारं पाणी कुठे सोडायचं हा शेजाऱ्याशी भांडणाचा विषय होतो.

कौलांची ही रीत पुढे पश्चिमेला ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा या राज्यांत गेली. तिथेही बर्फाने पसरलेल्या सपाट जमिनी होत्या, पण वर्षातले कित्येक महिने दलदल. आजचा तिथला मका-सोयाबीनचा पट्टा या पुरलेल्या नळ्यांवर उभा आहे. त्याची किंमतही दिली गेली. या चारही राज्यांतल्या पाणथळ जागांपैकी शेकडा 85 किंवा त्याहून जास्त नाहीशा झाल्या, आणि शेतातला नायट्रेट याच नळ्यांतून नद्यांत आणि थेट समुद्रापर्यंत जातो. पाण्याला वाट करून दिली की पाणी एकटं जात नाही.

आता परत सेनेकाकाठी. जॉन्स्टनच्या रानापासून त्याच काठाने 35-40 किलोमीटर दक्षिणेला गेलं की हेक्टर गावाच्या टेकड्या लागतात. तोच बर्फ, तेच तळं. पण इतक्या दूर चुनखडीचा भुगा फारसा पोचला नाही. तिथला माल स्थानिक शेल खडकाचा आणि वालुकाश्माचा, त्यामुळे माती आम्ल, आणि खाली विटेसारखा कडक थर. तिथेही लोकांनी जंगल तोडून तशीच शेती केली. काही पिढ्या निभावलं, मग माती थकली. चुना आणून टाकायचा तर खर्च, कडक थरात चर खोदायचे तर त्याहून खर्च, आणि पश्चिमेचं स्वस्त धान्य रेल्वेने दारात येऊन पडलेलं. घरंदारं सोडून लोक निघून गेले. 1938 ते 1941 या काळात सरकारने तिथली 100 हून जास्त शेतं विकत घेतली. आज तिथे फिंगर लेक्स राष्ट्रीय वन आहे, सुमारे 16 हजार एकरांचं. पण सगळंच वन झालं नाही. काही जमीन मुद्दाम कुरण म्हणून राखली आहे, आणि आसपासचे शेतकरी संघ करून उन्हाळ्यात आपली जनावरं तिथे चारायला सोडतात. रानात फिरताना जुन्या घरांचे पाये आणि बुजलेल्या विहिरी अजून दिसतात, आणि त्यांच्या बाजूला दारात लावलेली सफरचंदाची झाडंही.