कुरकुंभच्या नकाशातला डोंगर

कुरकुंभ म्हटलं की फिरंगाई देवी, पुणे-सोलापूर महामार्ग आणि एमआयडीसीतले रासायनिक कारखाने आठवतात. सह्याद्री कुणालाच आठवत नाही. पण भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर सिंहगडाकडून भुलेश्वरकडे येणारी रांग बोटाने पकडा आणि पूर्वेला सरका. सिंहगडाच्या कड्यापाशी तपकिरी समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतील. दौंड तालुक्यात त्या विरळ होत जातात. सह्याद्रीचा एक फाटा इथे संपतोय.

या रेषांचा इतिहास मजेशीर आहे. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराजवळ नेव्हिल मॅस्केलिन यांनी ओळंबा डोंगराकडे किती ओढला जातो ते मोजलं. हेतू होता पृथ्वीची घनता काढण्याचा! त्यासाठी आधी डोंगराचं आकारमान हवं होतं. गणिती चार्ल्स हटन यांनी ते काढताना सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले.

आपल्याकडे विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. ती पुढे नेत असतानाच १८२३ मध्ये ते वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारले. त्या काळच्या नकाशांत डोंगर बहुधा बारीक फटकाऱ्यांनी दाखवत. चढ आहे एवढं कळायचं, पण किती, ते मोजता यायचं नाही. समोच्च रेषा आल्या आणि उंची चक्क मोजता येऊ लागली.

आता कुरकुंभकडे या. इथे कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न सारखा निघतो. पाणी कुठे जाईल? रेषांचा व्हीसारखा आकार शोधा. टोक चढाकडे असेल तर तो ओढा, उताराकडे असेल तर डोंगराची सोंड. ओढा सापडला की वरच्या आणि खालच्या अंगाला नमुने कुठे घ्यायचे, हे घरबसल्या ठरवता येतं. माझ्या मते टोपोशीटचा हा उपयोग ट्रेकिंगपेक्षा मोठा आहे.

मात्र १:५०,००० च्या नकाशावर दोन रेषांमध्ये साधारण २० मीटरचं अंतर असतं. सिंहगडावर एवढ्याने फारसं बिघडत नाही. कुरकुंभसारख्या माळरानावर मात्र सात-आठ मीटरचा उंचवटा किंवा खोलगट नाला दोन रेषांच्या मध्ये गडप होऊ शकतो. शिवाय नकाशा जमिनीवरचा उतार दाखवतो. खालच्या बेसॉल्टच्या भेगांतून झिरपणारं पाणी तोच उतार धरेल असं नाही. म्हणून ओढ्याकाठच्याच नाही, तर उताराच्या आडबाजूच्या विहिरींचंही पाणी तपासावं लागतं.