अपडेटची दवंडी: ब्राउझर एक्स्टेन्शनच्या सूचनांचा छोटा इतिहास

ब्राउझर उघडावा, कामाला लागावे आणि तेवढ्यात न मागितलेला एक टॅब पुढे येऊन सांगू लागावा की अमुक एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती आली आहे. हा अनुभव बहुतेकांना आहे. पण ही दवंडी पिटतो कोण? ब्राउझर, की आपणच त्यात बसवलेले एक्स्टेन्शन? या प्रश्नामागे वीसेक वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक भांडण आहे, एक माफीनामा आहे आणि दोन विक्रीव्यवहार आहेत. आजचा धागा त्यावर.

फायरफॉक्सची १.० आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी आली. ब्राउझरला बाहेरच्या कोणीही लिहिलेली जोड देता यावी, हे तिचे मोठे आकर्षण होते. त्या काळी अपडेटची सूचना ब्राउझर स्वतः देत असे. सुरुवातीलाच एक खिडकी उघडे, नव्या आवृत्त्यांची यादी दिसे, आपण होकार द्यायचा आणि मग ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करायचा. दहा एक्स्टेन्शने बसवली असतील तर हा सोपस्कार वारंवार होई. जाच होता, पण कारभार उघड होता.

याच काळात 'नोस्क्रिप्ट' हे एक्स्टेन्शन लोकप्रिय झाले. संकेतस्थळांवरील स्क्रिप्ट अडवून वापरकर्त्याला सुरक्षित ठेवणे हे त्याचे काम. कर्ते इटलीचे जॉर्जियो माओने. एक्स्टेन्शन मोफत, अपडेट मात्र वारंवार. आणि प्रत्येक अपडेटनंतर नोस्क्रिप्टच्या स्वतःच्या संकेतस्थळाचे पान आपोआप उघडे. त्या पानावर जाहिराती असत. सूचना हेच उत्पन्नाचे साधन झाले होते. (हे पान बंद करता येई. 'अबाउट:कॉन्फिग' उघडून त्यासाठीची एक नोंद 'फॉल्स' करावी लागे. सामान्य माणसाला ही वाट सापडणार कशी, हा प्रश्न वेगळाच.)

आता भांडण. जाहिराती अडवणाऱ्या 'अ‍ॅडब्लॉक प्लस'चे बहुसंख्य वापरकर्ते 'ईझीलिस्ट' ही गाळणी-यादी वापरत. त्या यादीने नोस्क्रिप्टच्या पानांवरील जाहिरातीही अडवायला सुरुवात केली. माओने यांनी पानांची रचना बदलली, यादीने नवे नियम आणले, पुन्हा रचना बदलली. अखेर नोस्क्रिप्टच्या एका अपडेटने थेट अ‍ॅडब्लॉक प्लसच्या घरात शिरून आपल्या संकेतस्थळांना सूट देणारे नियम तिथे बसवले. मे २००९च्या पहिल्याच दिवशी अ‍ॅडब्लॉक प्लसचे कर्ते व्लादिमिर पालांट यांनी हे जाहीरपणे मांडले. तीनच दिवसांत माओने यांनी जाहीर माफी मागितली आणि पुढच्या अपडेटने ती सूट काढूनही टाकली.

या प्रकरणाच्या सुमारास मोझिलाने 'नो सरप्रायझेस' या नावाने एक्स्टेन्शनांसाठी धोरण मांडले. मूळ कामाशी संबंध नसलेला, वापरकर्त्याला अनपेक्षित वाटेल असा बदल करायचा असेल, तर आधी त्याची स्पष्ट संमती घ्या, असा त्याचा आशय. माझ्या मते या इतिहासातील हा सर्वात महत्त्वाचा टप्पा. अपडेट म्हणजे केवळ दुरुस्ती नव्हे, ती आपल्या संगणकात पुन्हा प्रवेश करण्याची संधी आहे, हे इथे प्रथमच ठळकपणे चर्चेत आले.

तोवर वारे फिरले होते. २ सप्टेंबर २००८ रोजी आलेल्या क्रोमची भूमिका अशी की वापरकर्त्याला अपडेटबद्दल विचारूच नये. जानेवारी २०१० मध्ये क्रोमच्या स्थिर आवृत्तीत एक्स्टेन्शने आली, तीही याच नियमाने: दर काही तासांनी ब्राउझर नवी आवृत्ती शोधतो आणि गुपचूप बसवतो. मार्च २०११ मधील फायरफॉक्स ४ने हीच पद्धत उचलली. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच होते. सदोष जुनी आवृत्ती महिनोन् महिने वापरणारी माणसे हे हल्लेखोरांचे सोपे सावज असते.

मग तरीही टॅब का उघडतात? कारण ब्राउझर आपल्याशी बोलेनासा झाला, तरी एक्स्टेन्शनशी बोलत राहिला. एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती बसली की ब्राउझर तिला 'ऑनइन्स्टॉल्ड' हा संकेत देतो, सोबत 'अपडेट' असे कारणही कळवतो. मुळात हा संकेत जुनी माहिती नव्या साच्यात नेण्यासारख्या कामांसाठी उपयोगी. पण तो मिळताच नवा टॅब उघडा, असे सांगायला दोन-तीन ओळी पुरतात. एकट्याने मोफत साधन चालवणाऱ्या विकसकाकडे वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग क्वचितच असतो, त्यामुळे देणगीची विनंतीही तिथेच येते. सारा दोष त्याच्या माथी मारणे मला अन्याय्य वाटते.

खरा धोका गोंगाटात नव्हता, शांततेत होता. 'अ‍ॅड टू फीडली' हे क्रोमचे छोटे एक्स्टेन्शन भारतीय तंत्रज्ञान-लेखक अमित अगरवाल यांनी तयार केले होते. वापरकर्ते तीस हजारांहून अधिक. त्यांनी ते विकले. नव्या मालकाने अपडेट पाठवले आणि लोकांच्या पानांत जाहिराती शिरल्या. मालक बदलल्याची दवंडी कोणी पिटली नाही. जानेवारी २०१४ मध्ये अगरवाल यांनी स्वतःच हा व्यवहार उघड केला, त्यानंतर गूगलने ते एक्स्टेन्शन हटवले.

सहा वर्षांनी तेच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर. न वापरलेले टॅब झोपवून स्मृती वाचवणारे 'द ग्रेट सस्पेंडर' सुमारे वीस लाख लोक वापरत. जून २०२० मध्ये ते नव्या, अनोळखी हाती गेले. पुढे आलेल्या अपडेटमध्ये असा कोड होता, जो प्रकल्पाच्या जाहीर भांडारात नव्हताच.

म्हणून सगळ्या सूचना एका मापाने मोजू नयेत. नव्या आवृत्तीला अधिक अधिकार हवे असतील आणि त्यांसाठी इशारा देणे आवश्यक असेल, तर क्रोम ते एक्स्टेन्शन बंद ठेवतो आणि आपली परवानगी मागतो. ही सूचना ब्राउझरची असते. ती वाचावी, पटत नसेल तर एक्स्टेन्शन काढून टाकावे. जाहिरातवजा टॅबांनी आपल्याला न वाचता 'बंद करा' दाबण्याची सवय लावली आहे, आणि त्या सवयीची किंमत नेमकी इथे मोजावी लागते. मात्र अधिकार आधीच भरपूर दिलेले असतील, तर नव्या मालकाला काहीच विचारावे लागत नाही.

नुसत्या कटकटीचे टॅब थांबवायचे तर आधी त्या एक्स्टेन्शनच्या पर्यायांमध्ये पाहावे. अनेक जण तिथे ही सूचना बंद करण्याची सोय देतात. फायरफॉक्समध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनचे आपोआप होणारे अपडेट स्वतंत्रपणे बंद करता येते. तो उपाय मी सहसा सुचवणार नाही, कारण टॅबसोबत सुरक्षेची दुरुस्तीही थांबते. क्रोममध्ये 'तपशील' उघडून एखाद्या एक्स्टेन्शनला केवळ क्लिक केल्यावरच पान वाचता येईल, असे ठरवता येते. टॅब त्याने थांबणार नाही, पण उद्या मालक बदलला तर त्याच्या हाती कमी लागेल.

'द ग्रेट सस्पेंडर' गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये हटवले. या खेपेला सूचना आली: हे एक्स्टेन्शन घातक आहे. ती येईपर्यंत एक्स्टेन्शन बंदही झाले होते आणि त्याने झोपवलेले टॅब नाहीसे झाले होते. पुढचे काही दिवस लोक ब्राउझरच्या इतिहासात त्या पानांचे पत्ते शोधत होते.