एका सांगाड्याची चार इंजिने

जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन निकामी झाले की प्रश्न पडतो, आता कोणते बसवायचे? बहुतेकजण आधी ताकद विचारतात. आधी वजन आणि लांबी विचारावी, हे मला एका इंग्रजी गाडीच्या इतिहासातून कळले. कवीला इंजिनाची उठाठेव कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण गझलेच्या ठरलेल्या जमिनीत शेर बसवणाऱ्याला जागेची अडचण चांगली ठाऊक असते.

लंडनजवळ टेम्स डिटन येथे ए.सी. नावाचा छोटा कारखाना होता. १९५३ साली त्याने ‘एस’ ही दोन आसनांची गाडी प्रदर्शनात मांडली. नळ्यांचा हलका सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, सस्पेन्शन आडव्या पाट्यांचे. गाडी नवी, इंजिन मात्र म्हातारे. जॉन वेलर यांनी ते १९१९ साली घडवले होते! दोन लिटरच्या त्या इंजिनातून किती ताकद पिळणार?

१९५६पासून गाडीला ब्रिस्टल कंपनीचे इंजिन मिळू लागले. त्याची कुळकथा विलक्षण आहे. मुळात ते बीएमडब्ल्यू ३२८ या जर्मन गाडीचे. महायुद्ध संपल्यावर त्याचे आराखडे इंग्लंडात आले, आणि ज्या ब्रिस्टलची बॉम्बफेकी विमाने कालपर्यंत जर्मनीवर जात होती, तीच कंपनी ते इंजिन बनवू लागली. १९५९ साली ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एस-ब्रिस्टल एकंदर सातवी आणि आपल्या गटात पहिली आली. ती शर्यत जिंकणाऱ्या ॲस्टन मार्टिनच्या दोन चालकांपैकी एक होता टेक्सासचा कॅरॉल शेल्बी.

१९६१मध्ये ब्रिस्टलने हे इंजिन बंद करायचे ठरवले आणि टेम्स डिटनचा श्वासच अडकला. केन रड यांनी फोर्ड झेफिरचे २.६ लिटरचे इंजिन बसवून दाखवले. ते स्वस्त आणि उंचीला बुटके होते, त्यामुळे गाडीचे नाक खाली आणता आले. पण अशा गाड्या चाळीसही बनल्या नाहीत.

हृदयविकाराने शर्यत सोडावी लागलेल्या शेल्बीने त्याच वर्षी ए.सी.ला पत्र लिहिले. शेवरोलेने त्याला इंजिन नाकारले होते. फोर्डकडे मात्र नवे व्ही-८ होते. पातळ भिंतींच्या ओतकामामुळे ते ब्रिस्टलच्या इंजिनापेक्षा फारसे जड नव्हते, आणि आठ सिलिंडर दोन रांगांत असल्याने लांबीला आखूड होते. सारी किमया इथे आहे. मागचा डिफरन्शियल अधिक दणकट घ्यावा लागला, इतर किरकोळ बदल झाले, पण सांगाड्याने पाहुण्याला सामावून घेतले. १९६२ साली ‘कोब्रा’ जन्मली, झेफिरसाठी उतरवलेले तेच नाक घेऊन.

मग मोह झाला. सात लिटरचे इंजिन घालायचे ठरले. त्यासाठी नळ्या जाड कराव्या लागल्या, पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या, अंग फुगले. माझ्या मते ‘एस’ तिथे संपली; उरला तो फक्त तोंडवळा.

१९६५चे जीटी गाड्यांचे जागतिक अजिंक्यपद शेल्बीला मिळाले ते ४.७ लिटरच्या, जुन्या पाट्यांवरच्या गाड्यांनी. सात लिटरच्या शंभर गाड्या तयार असल्या तरच त्या गटात प्रवेश होता. तपासणीच्या वेळी तेवढ्या बनल्याच नव्हत्या. शर्यतीसाठी बांधलेल्या त्या गाड्या मग रस्त्यावर चालवायला विकून टाकाव्या लागल्या.