पथनाट्य, लघुपट आणि परभणी : स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध तरुणांच्या हातातील साधने

स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध नाटक करणारी, लघुपट काढणारी तरुण मुले-मुली आज बहुतेक तालुक्यांत भेटतात. कुणी विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी एकांकिका बसवते, कुणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पथनाट्य करते, कुणी जयंतीच्या मंचावर छोटा प्रसंग सादर करते, तर कुणी मोबाइलवर लघुपट चित्रित करते. या कामामागची परंपरा, परभणी जिल्ह्यातील त्याची गरज आणि ते करण्याची रीत यांची माहिती एका ठिकाणी मिळावी, यासाठी हा लेख. आमचे म्हणणे साधे आहे. टाळ्यांवर संपलेला प्रयोग अर्धाच झालेला असतो. प्रश्न पाहणाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचला आणि कुणीतरी पुढचे पाऊल उचलले, तरच तो पूर्ण झाला.

परंपरा आपलीच आहे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात जोशी एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहदशेची भीती घालून लुबाडतो. शेवटी हे जोडपे रडत बसत नाही, शिकायला जाण्याचा निर्णय घेते. प्रयोगाने प्रेक्षकाला पुढचे पाऊल दाखवावे, ही रीत इतकी जुनी आहे.

पुढे सत्यशोधक जलसे आले आणि १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. त्यांनी तमाशाचा ढाचा घेतला, शृंगार बाजूला ठेवला आणि वस्तीतल्या माणसाच्या भाषेत विचार मांडला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या 'युगयात्रा' नाटकाने हीच वाट रंगमंचावर आणली.

स्त्रीप्रश्नावरचे मराठीतील सर्वांत गाजलेले लोकनाट्य म्हणजे ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो'. स्त्री मुक्ती संघटनेने ते १९८३ मध्ये उभे केले आणि त्याचे प्रयोग सभागृहांइतकेच चाळीत, मैदानात, गावच्या पारावर झाले. हा काळही लक्षात घ्यावा. मथुरा या आदिवासी मुलीवरील पोलीस ठाण्यातील अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष ठरवल्यानंतर देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. दिल्लीत जन नाट्य मंचाचे 'औरत' हे पथनाट्य १९७९ मध्येच रस्त्यावर आले होते. नाटक आणि आंदोलन तेव्हा सोबत चालत होते.

पुरुषांच्या बाजूनेही काम झाले. पत्नीला मारहाण करणे चूक आहे असे मानणाऱ्या पुरुषांना आवाहन करणारी एक जाहिरात १९९१ मध्ये वर्तमानपत्रात आली. तिला २०५ पुरुषांनी उत्तर दिले. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत 'मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज' म्हणजे 'मावा' ही संघटना उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी महाविद्यालयीन मुलग्यांची शिबिरे घेतात. पथनाट्य, लघुपट आणि 'समभाव' हा फिरता चित्रपट महोत्सव ही त्यांची साधने आहेत. मुलग्यांशी बोलल्याशिवाय मुली सुरक्षित होणार नाहीत, हा या कामाचा गाभा आहे.

परभणीचे वास्तव

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. राज्याची सरासरी सुमारे २२ टक्के आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत याचे कारण उघड दिसते. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दुसरीकडे वयात आलेली मुलगी गावी एकटी कशी ठेवायची, ही आईबापांची भीती असते. म्हणून बालविवाहावरच्या नाटकात फक्त 'अडाणी बाप' रंगवून भागत नाही. मुकादम, उचल, सुट्टीनंतर न उघडलेली शाळेची वाट, हे सगळे मंचावर यावे लागते.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला आणि आपण सारे न्यायासाठी रस्त्यावर होतो. त्याच महिन्याच्या अखेरीस, त्याच शहरात, तिसरी मुलगी झाली म्हणून पतीने पत्नीला पेटवून दिल्याचा गुन्हा नोंदला गेला. ती बाई वाचली नाही. 'मुलगी झाली हो' येऊन तेव्हा चाळीस वर्षे उलटली होती. संविधान जिच्या जगण्याची हमी देते, तीही आपल्याच शहरातली होती. दोन्ही दुःखांना आपल्या मंचावर जागा हवी.

बाहेरचा कॅमेरा आणि आपला कॅमेरा

१९७२ ते १९७४ या काळात मानवतमध्ये गुप्तधनाच्या आणि अपत्यप्राप्तीच्या अंधश्रद्धेतून खूनसत्र घडले. बळी गेलेल्या बहुतेक लहान मुली आणि स्त्रिया होत्या. त्यावर अमोल पालेकरांचा 'आक्रीत' (१९८१) हा चित्रपट आला आणि २०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' ही मालिका आली. एकाच्या केंद्रस्थानी गुन्हा करणारे जोडपे आहे, दुसऱ्याच्या केंद्रस्थानी तपास अधिकारी. दोन्ही कलाकृतींचे मोल आहेच. पण सरपण, पाणी आणायला घराबाहेर पडणारी मुलगी कशी जगत होती, तिच्या आईचे पुढे काय झाले, हा चित्रपट अजून व्हायचा आहे. तो परभणीच्या मुलींनी करायला हवा.

हे अशक्य नाही. आपल्या शेजारच्या तेलंगणात, जहीराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायका कॅमेरा शिकल्या आणि स्वतःच्या शेतीवर, जगण्यावर चित्रपट करू लागल्या. आपल्याकडेही आशयाची वाण नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी आहे. घराघरांत जात्यावरच्या ओव्या आहेत, ज्यांत सासर-माहेरचे सगळे दुखणे आहे. थेरीगाथेत सोमा थेरी आहे. स्त्रीची बुद्धी ती किती, असे मार तिला हिणवतो आणि ती त्याला निरुत्तर करते. दहा मिनिटांच्या प्रवेशाला एवढा प्रसंग पुरेसा आहे.

'समाजाची बदनामी होते' हा आक्षेप

आपल्या वस्तीतील मारहाण, दारू, हुंडा, मुलीच्या पसंतीच्या लग्नाला विरोध यांवर नाटक करायचे म्हटले की हा आक्षेप हमखास येतो. बाहेरचे लोक आधीच आपल्याला नावे ठेवतात, मग आपणच घरचे उघडे का करावे? या भीतीला आधार आहे. खैरलांजीचा (२००६) घाव घेऊन जगणाऱ्या समाजाला ती वाटणारच. पण बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांना सांगितले होते की, पतीची मैत्रीण व्हा, बरोबरीची व्हा, गुलाम होऊ नका. ते सवर्णांच्या घराविषयी बोलत नव्हते, आपल्या घराविषयी बोलत होते. जातीय अत्याचाराविरुद्ध बोलणे आणि घरातल्या हिंसेविरुद्ध बोलणे यांत निवड करायची नसते. घरात मार खाणाऱ्या बाईला मोर्चात हक्काची घोषणा द्यायला लावणे, हीच खरी बदनामी आहे.

प्रयोग कसा बांधावा

• संहिता लिहिताना निम्म्या मुली असाव्यात. मुली फक्त पीडितेच्या भूमिकेपुरत्या नकोत. दिग्दर्शन, कॅमेरा, ढोलकी यांतही त्या हव्यात.

• मारहाण तपशिलात दाखवू नये. त्याने काही प्रेक्षकांची करमणूक होते आणि समोर बसलेल्या एखाद्या बाईची जखम उघडते. मारहाणीआधीचे आणि नंतरचे दाखवावे: शेजाऱ्याने वाढवलेला टीव्हीचा आवाज, सकाळी कामावर निघालेली बाई.

• गुंड परका नसावा. तो कुणाचा तरी भाऊ, मित्र, कधी कार्यकर्ताही असतो.

• प्रेक्षकाला मंचावर बोलवावे. ब्राझीलचे ऑगस्तो बोआल यांची ही पद्धत पश्चिम बंगालच्या गावांत 'जन संस्कृती' ही संस्था वापरते. प्रसंग वाईट वळणावर थांबवायचा आणि विचारायचे, 'इथे तुम्ही असता तर काय केले असते?' उत्तर तोंडी घ्यायचे नाही, करून दाखवायला लावायचे. शेजारी, सासू, मित्र यांच्या जागी प्रेक्षक उभे राहतात तेव्हा मध्ये पडणे किती अवघड आहे हेही कळते आणि ते जमते हेही कळते.

• प्रयोगानंतर निदान अर्धा तास चर्चा ठेवावी. बायकांशी वेगळे बसून बोलावे. एक-दोन आठवड्यांनी त्याच वस्तीत पुन्हा जावे.

कायदा आणि खबरदारी

लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. खऱ्या घटनेवर लिहिताना नाव, गाव, नाते, शाळा, घर, सगळे बदलावे. सार्वजनिक नाट्यप्रयोगासाठी संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्यावी.

शेवटच्या प्रवेशात किंवा लघुपटाच्या अखेरच्या चौकटीत मदतीची माहिती द्यावी: महिला हेल्पलाइन १८१, चाइल्डलाइन १०९८, तातडीसाठी ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा बाईला घरात राहण्याचा हक्क देतो, हे सांगावे. बालविवाह रोखण्याची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे, हेही सांगावे. आणि प्रयोगानंतर कुणी बाई येऊन बोलली, तर तिच्यासोबत संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत जाणारी दोन माणसे आधीच ठरवून ठेवावीत. ती ठरत नसतील, तर प्रयोगाची तारीख पुढे ढकलावी. वाद्ये आणि वेशभूषा यांच्याइतकीच ही तयारी नाटकाचा भाग आहे.